गीझरताई आणि धाकटीचं पाणी

गीझरताई गीझर उघडण्याआधी त्याला कान लावते. आत पाणी तापताना खडखड ऐकू आली की मान हलवते. "खपली धरलीय," म्हणते. मग पाना काढते.

आमच्या शहराचं पाणी जड आहे. नळाच्या तोंडाशी पांढरी दाढी वाढते. बादलीत पाण्याच्या रेघा बसतात आणि घासून जात नाहीत. साबणाला फेस येत नाही, नुसता चिकट साका येतो. नवा टॉवेल चार धुण्यांत पत्र्यासारखा होतो. घेवड्याचे दाणे कितीही भिजवा, दाताखाली कचकचतात. केस धुतले तर झाडूला लाज वाटावी असे होतात. बाहेरून आलेली माणसं हळहळतात. गीझरताई हळहळत नाही.

"या पाण्यानं मला जेवू घातलंय," ती म्हणते. "त्याला नावं ठेवायची नाहीत."

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तिचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागे दोन खोल्या. मी वरच्या मजल्यावर राहते. दुकानाच्या भिंतीवर तिनं जुन्या कॉइल टांगून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर क्षाराचा जाड, ओबडधोबड थर. गिऱ्हाईक त्या बघून दचकतं. "हे आमच्या गीझरमध्ये पण असतं?" विचारतं. "असतं तर. तुमच्यात जरा जास्तच असणार," ती म्हणते.

वडील नळजोडणीचं काम करायचे. त्यांच्या मागे पिशवी घेऊन हिंडता हिंडता ती शिकली. ते गेल्यावर तिनं नळ सोडून गीझर धरले, कारण गीझर परत परत बिघडतात. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "घरात इतके गीझर पडलेत, नवरा ठेवू कुठे?"

संध्याकाळी मी चहाला खाली जायचे. तिच्या चहावर नेहमी एक पातळ तवंग असायचा. मी तो चमच्यानं बाजूला करायचे आणि ती हसायची.

"साहित्यात एम.ए. ना तू? तुमच्या कादंबरीत कुणी गीझर उघडतं का?"

"नाही."

"मग आंघोळ कसली करतात? थंड पाण्यानं?"

तिची आई मागच्या खोलीत असायची. लहानखुरी, पांढऱ्या केसांचा लिंबाएवढा अंबाडा घालणारी. तिच्या अंगाला सतत खाज. हात, पाठ, पोटऱ्या. कोरडे पडलेले, लालसर. गीझरताईच्या मते हे सगळं पाण्याचं. पाणी अंगावर सुकतं, क्षार मागे राहतो, माणसावरही थर बसतो. तो वेळच्या वेळी काढावा लागतो.

म्हणून रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ती आईला स्वतः आंघोळ घालायची. स्टुलावर बसवून. पाण्यात थोडं व्हिनेगर. हातात खरखरीत मोजा, टाचांना वज्री. बाह्या दुमडून, ओठ आवळून, गीझरशी झटते तशीच. न्हाणीघराच्या झरोक्यातून वर माझ्याकडे आवाज यायचा. "हळू गं." मग, "पुरे गं." मग नुसतं पाणी.

आंघोळ झाली की आईला खुर्चीत बसवून ती बाहेर यायची. कपाळावर घाम.

"आईला माझ्याच हातची आंघोळ लागते," येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. "दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नाही."

दोन गल्ल्या सोडून नव्या इमारतीत तिची धाकटी बहीण राहते. चष्म्याच्या दुकानात काम करते. दोघींत वयाचं मोठं अंतर आहे. धाकटी गोरी, हसरी, थोडी आळशी. तिच्या नवऱ्यानं घरात पाणी मऊ करायचं मशीन बसवलं. नवं बाळ बघायला जावं तसे लोक ते बघायला जाऊ लागले.

गीझरताईपण गेली. मी सोबत होते. मागच्या गॅलरीत एक उंच निळं नळकांडं उभं होतं. शेजारी मिठाचं पोतं.

"मीठ खातं?" गीझरताईनं विचारलं.

"हो ना ताई. अधूनमधून घालावं लागतं."

"म्हणजे नवऱ्यानं म्हैस आणलीय."

धाकटी हसली. तिला टोमणे लागत नाहीत, हा तिचा मोठा गुण. तिनं आम्हाला हात धुवायला लावले. बोटभर साबणाला ओंजळभर फेस आला. धुऊनही हात बुळबुळीतच वाटत राहिले. गीझरताई पुन्हा पुन्हा धुत राहिली.

"साबण निघतच नाही याचा."

"निघाला ताई. मऊ पाणी असंच लागतं हाताला."

"मला नको शिकवू पाणी."

निघताना धाकटी म्हणाली, "आईला पाठव ना एक दिवस आंघोळीला. तिला बरं वाटेल."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. गीझरताईनं शोधलं, सापडलं नाही.

आई गेली आणि संध्याकाळी परत आली. केस मोकळे सोडून. वयाची साठी उलटल्यावर केस मोकळे सोडून रस्त्यानं आलेली बाई मी प्रथमच पाहिली. दुकानात येऊन ती उभी राहिली.

"हात लाव गं. लोणी झालंय."

"माझे हात ॲसिडचे आहेत," गीझरताई म्हणाली आणि स्क्रू मोजत बसली.

थोड्या वेळानं आई खुर्चीत पेंगली. मी चहाचे कप उचलायला मागच्या खोलीत गेले. गीझरताई खुर्चीमागे उभी होती. आईच्या केसांवरून बोटाची मागची बाजू फिरवत होती, अगदी हलकेच. मला पाहिलं तसा हात मागे घेतला.

"गळतात का बघत होते," म्हणाली.

मग आई एक दिवसाआड जाऊ लागली. मग रोज. मग "दोन दिवस तिकडेच राहते" म्हणाली. दोन दिवसांचे किती झाले ते कुणी विचारलं नाही. आधी तिची औषधं गेली. मग उशी. उशी गेली त्या दिवशी गीझरताईनं एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या गीझरचा नट इतका आवळला की तो तडकला.

माणसं मत्सरानं पिवळी पडतात, हिरवी पडतात असं मी वाचलं होतं. गीझरताई कामसू झाली. पहाटे उठून दुकान झाडायची. न बिघडलेले गीझरही उघडून ठेवायची. आणि मला प्रश्न विचारायची. धाकटीच्या दुकानात माझा चष्मा व्हायचा होता, त्यामुळे माझं तिकडे आणि तिच्या घरीही जाणंयेणं होतं.

"आई दिसली?"

"दिसली."

"केस?"

"छान आहेत."

"छान म्हणजे? चमकत होते?"

"थोडे."

"थोडे का फार?"

ती एकटीच बोलत राहायची.

"मीठ लावून ठेवलीय आईला. मुरवतायत. आम्ही इतकी वर्षं केलं ते अळणी झालं."

कधी म्हणायची, "नवऱ्यानं मशीन दिलं म्हणून मिरवतेय. स्वतःच्या हातानं आईची पाठ चोळली आहे का कधी?" कधी म्हणायची, "माझ्या मुळावर उठलंय ते निळं नळकांडं. त्या घरातला गीझर आता बिघडणार नाही. कॉइल अशी राहील, आरशासारखी." हे ती एखाद्याला शाप मिळाल्यासारखं सांगायची.

गिऱ्हाइकांनाही वास लागला. एका बाईनं विचारलं, "ताई, तसलं मशीन घ्यावं का हो आम्ही? तुमच्या आई म्हणे तिकडे गेल्यापासून तरुण दिसतात."

"घ्या की. आणि तुमच्या आईला पण पाठवा त्यांच्याकडे. तिथे आया ठेवून घेतात."

ती बाई पुन्हा आली नाही.

एकच गोष्ट तिला हवी होती. आई घरी यावी. आणि स्वतःहून यावी. "चल" असं तिनं आईला एकदाही म्हटलं नाही. म्हटलं आणि आई नाही म्हणाली तर?

धाकटीनं न्हाणीघरात नवा शॉवर आणला आणि तो बसवायला ताईला बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं तरी भांडण, हिला बोलावलं तरी भांडण. मी पिशवी धरून सोबत गेले. शॉवर बसवून झाला. आई आतल्या खोलीत झोपली होती. धाकटी चहा टाकत होती.

"बघते जरा मशीनची जोडणी," गीझरताई म्हणाली आणि मागच्या गॅलरीत गेली. बराच वेळ तिथे बसली होती. पाठ दाराकडे.

जिना उतरताना म्हणाली, "फिरवला."

"काय?"

"दांडा. मशीनला वळसा घालून पाणी सरळ टाकीतून नळाला. आता तिच्या घरात येतंय ते आपलंच पाणी."

मी जिन्यात थांबले.

"अशी बघू नकोस," ती म्हणाली. "विष नाही घातलं. जे सगळं शहर पितं तेच दिलंय. आठवड्यात आईला खाज सुटेल. मग बघू कोण कुणाकडे राहतं."

ती हे पान्याची मापं सांगावीत तसं बोलली. मी जिला ओळखत होते ती बाई रस्त्यात सापडलेली सुटी नाणीसुद्धा दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवायची, ज्याची त्यानं न्यावीत म्हणून.

आठवडा गेला. गीझरताई खुशीत होती. आईची खोली झाडली. खुर्चीवरची गादी उन्हात टाकली. मग आम्ही "सहज" आईला भेटायला गेलो.

आई खिडकीत बसून केस विंचरत होती. हात उघडे. त्यांवर लालसर एक ठिपका नव्हता.

"इथलं पाणी म्हणजे काय सांगू," आई म्हणाली. "अंगावरून रेशीम सरकल्यासारखं."

गीझरताईचं तोंड उघडंच राहिलं. ती उठून न्हाणीघरात गेली. मी मागून गेले. तिनं नळ सोडला, साबण चोळला. फेस नाही. साका. नळाच्या तोंडाशी नवी पांढरी रेघ धरू लागली होती. तिनं ती नखानं खरवडली आणि जिभेला लावून पाहिली.

"आपलंच आहे," ती पुटपुटली.

दुकानात आल्यावर एकदम म्हणाली, "पाणी आपलं. आई आपली. मग तिच्याकडे आहे तरी काय?"

आता ती खरी पेटली. आतापर्यंत मशीनवर जळत होती, ते बरं होतं. मशीनला तोंड नव्हतं. आता बहिणीवर जळू लागली. तिनं मला पुन्हा बसवलं.

"सकाळी काय करते ती आईसाठी?"

"काही नाही. कामावर जाते."

"खायला?"

"सगळ्यांचं असतं तेच."

"पाय चेपते? तेल लावते? गोष्टी सांगते?"

"संध्याकाळी येते ती सोफ्यावर पडते. फोन बघते. आई रेडिओ ऐकते."

"म्हणजे काहीच करत नाही?"

"काहीच नाही."

गीझरताईनं कॉइलींच्या भिंतीकडे पाहिलं. "जादूटोणा तर नाही?" म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

त्यानंतर धाकटीचा फोन आला. तिच्या नळांवर पांढरं धरलं होतं. मशीनवाला माणूस येऊन गेला. दांडा उलटा होता म्हणाला, सरळ करून गेला. नळ तेवढे घासायचे होते. "तुझ्यासारखे कुणाला घासता येत नाहीत ताई," धाकटी म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तेच वाईट होतं.

आम्ही गेलो तेव्हा सुट्टीचा दिवस होता. धाकटी सोफ्यावर, आई खुर्चीत. गीझरताईनं व्हिनेगरची फडकी नळांना गुंडाळली आणि बाहेर येऊन उभीच राहिली.

"कुणी फिरवला असेल गं दांडा?" धाकटी म्हणाली. "मीठ टाकताना माझाच धक्का लागला असणार. इतके दिवस आपण जड पाण्यानं आंघोळी केल्या आणि मला कळलंही नाही."

"मला तर काही फरक वाटला नाही," आई म्हणाली. "आधी छान होतं, मधे छान होतं, आजही छान आहे. इथलं पाणीच चांगलं."

"कसलं चांगलं!" गीझरताई ओरडली. "आपलंच पाणी होतं ते! मी फिरवला दांडा. मी. आणि तू रेशीम म्हणतेस? माझ्याकडे तेच पाणी तुला टोचायचं, आणि इथे रेशीम?"

धाकटी उठून बसली. फोन तिच्या मांडीवरून खाली पडला, तो तिनं उचलला नाही.

मला वाटलं, आता आई रागवेल. आई रागावली नाही. तिनं आपला हात पुढे धरला आणि बाही वर केली.

"हे बघ."

"बघितलं. काही नाही त्यावर."

"काही नाही ना? इथे मला कुणी घासत नाही."

आईनं बाही खाली केली.

"तू मला भांड्यासारखी घासायचीस बाई," आई म्हणाली. "रोज. मोजा, वज्री, ते आंबट पाणी. अंग भाजायचं माझं. दिवसभर खाजवत बसायचे, तुला वाटायचं अजून घासायला हवं."

"खपली होती तुझ्या अंगावर, आई."

"खपली नव्हती. कातडं होतं माझं. म्हातारीचं कातडं असंच असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायचे की. हळू म्हणायचे, पुरे म्हणायचे. तू म्हणायचीस, एवढं राहिलंय."

मी झरोक्यातून ते शब्द कितीदा ऐकले होते. मला ते आंघोळीचे नेहमीचे शब्द वाटायचे.

गीझरताई बहिणीकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचाच.

"आणि तू? तू काय करतेस तिच्यासाठी?"

"मी?" धाकटी गोंधळली. "मी काहीच करत नाही ताई."

"तेच म्हणते मी! काहीच करत नाहीस! मी हाडं झिजवली आणि तू लोळत पडलीस, तरी आई तुझी!"

"असं नको म्हणू," आई म्हणाली. "तिच्या घरात न्हाणीघराला आतून कडी आहे, एवढंच. आत जाते, कडी लावते, वाटेल तेवढा वेळ बसते. तुझ्याकडे कडी आहे का?"

नव्हती. आई एकदा घसरली होती, तेव्हा गीझरताईनं ती उपटून टाकली होती. आत पटकन जाता यावं म्हणून.

गीझरताईनं नळांची फडकी काढली, नळ पुसले आणि आम्ही निघालो. धाकटी दारापर्यंत आली. "ताई, मी रागावले नाहीये," म्हणाली. "तुला कधी राग येतच नाही, तुझं बरं आहे," गीझरताई म्हणाली. रस्त्यात हेच दोनदा पुन्हा म्हणाली. हा मत्सर आहे हे तिला कळत होतं असं मला वाटलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. आतून ड्रिलचा आवाज येत होता. मी खाली गेले. ती न्हाणीघराच्या दाराला कडी बसवत होती. जवळच भिंतीला धरायला दांडी बसवून झाली होती आणि जमिनीला रबरी चटई चिकटवली होती. ती कडी सारखी लावून उघडून बघत होती.

"घट्ट नको व्हायला," म्हणाली. "तिच्या बोटांत जोर नाही."

मग फोन उचलला. मी वर निघाले तर हातानं बस म्हणाली. धाकटीनं उचललेला फोन आईकडे गेला.

"कडी बसवलीय," गीझरताई म्हणाली. "ये म्हणत नाही. बसवलीय एवढंच सांगते."

पुढच्या सुट्टीला आई आली. धाकटी सोडायला आली होती. आईनं आधी कडी लावून पाहिली, मग दांडी ओढून पाहिली. आत गेली. कडी लागली.

आम्ही तिघी दुकानात बसलो. आत गीझर चालू झाला, पाणी पडू लागलं. धाकटी फोन बघू लागली. गीझरताई उठली, बसली, पुन्हा उठली. दाराशी गेली.

"आई, पाठ राहिली असेल."

"राहू दे," आतून आवाज आला.

ती परत आली. हात मांडीवर ठेवले. एक गिऱ्हाईक शॉवरची जाळी घेऊन आलं. त्यानं काय विचारलं ते तिला कळलंच नाही, मीच उत्तर दिलं.

मग कडी निघाली. आई बाहेर आली. कानामागे साबणाचा पांढरा डाग तसाच होता. गीझरताईला तो दिसला. मला दिसला. तिचा हात मांडीवरून उचलला गेला आणि परत खाली आला. तिनं मान वळवून धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं फोनवरून डोळे वर केलेच नव्हते. गीझरताई तिच्याकडे तशीच बघत राहिली. चांगला दागिना दुसरीच्या अंगावर असावा आणि आपल्याला तो कुठे मिळतो हेसुद्धा माहीत नसावं, तशी.

"आज इथेच जेवते," आई म्हणाली.

"आणि रात्री?"

आई टॉवेलनं केस पुसत होती. टॉवेल पत्र्यासारखाच होता.

"रात्रीचं रात्री बघू," म्हणाली.